शीत-कडी, पाव आणि इन्सुलिन-प्रतिरोध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मधुमेहासंबंधी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख साखरेवर, म्हणजे काय खावे आणि काय टाळावे यावर आहे. इन्सुलिन-प्रतिरोध हा शब्द मात्र अनेकांनी डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेला दिसतो, म्हणून सुरुवात त्याच शब्दापासून केली आहे. गोव्यात हा आजार कोणत्याच घराला परका राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २० वर्षांवरील भारतीयांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून फोंड्याला एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. सहज केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर १३८ आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७.२ निघाली. डॉक्टर म्हणाले की इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. आमच्या घराण्यात कोणी लठ्ठ नाही आणि मी आजही कॉलेजात असतानाच्या मापाचा शर्ट घालतो. मग हे माझ्याच वाट्याला कसे आले?

उत्तर : शर्टाचे माप तेच राहिले असेल, पँटचे राहिले का, ते आपण लिहिलेले नाही. शिवणकामाची टेप घ्यावी, श्वास सहज सोडावा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आपल्यासारखे साठ-पासष्ट किलोंचे गृहस्थ माझ्याकडे नेहमी येतात. हातपाय काटकुळे असतात, वजनकाटा काही वावगे दाखवत नाही, पण कमरेचा पट्टा पाहिला की जुन्या वापराची चीर दोन भोके आत राहिलेली दिसते. पुष्कळदा तो पट्टाच मला पहिली माहिती देतो.

इन्सुलिन हा स्वादुपिंडातील बीटा पेशींनी रक्तातून धाडलेला निरोप आहे. अन्न आले आहे, तेव्हा यकृताने साखर तयार करणे थांबवावे, स्नायूंनी रक्तातली साखर आत घ्यावी आणि मेदपेशींनी साठवलेला मेद बाहेर सोडू नये, असा त्याचा अर्थ. प्रतिरोधात निरोप पोहोचतो, पण तो मानला जात नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून तोच निरोप पुन्हा पुन्हा देत राहते आणि त्या जोरावर कित्येक वर्षे साखर आवाक्यात राहते. ज्या दिवशी अहवालात साखर चढलेली दिसते, त्या दिवशी प्रतिरोध जुनाच असतो. स्वादुपिंडाचे दमणे तेवढे नवे असते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींची क्षमता निम्म्याच्या आसपास उरलेली दिसली होती.

ही कल्पना आजकालची नाही. हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली लंडनमध्ये रुग्णांना साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले, तेव्हा काहींची साखर आटोक्यात राहिली आणि काहींच्या बाबतीत इन्सुलिनचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिनची वानवा नसते, कधी कधी ते जास्तच असते, हे आकड्यांत दिसले.

आता आपल्या सडपातळपणाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ असा तंतोतंत सारखा होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. आपला निर्देशांक माझ्या हिशेबाने २२ येतो, तेव्हा ते छायाचित्र आपलेही आहे असे समजण्यास हरकत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात असेही आढळले की तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो असले, तरी आपल्या बाळांत कमी भरलेले होते ते मुख्यतः स्नायू. कातडीखालचा मेद फारसा घटलेला नव्हता. ही ठेवण घेऊन मोठ्या झालेल्या माणसाची मेद साठवण्याची निरुपद्रवी जागा लवकर भरते आणि पुढचा मेद यकृतात, पोटातील आतड्यांभोवती आणि स्नायूंत जाऊन बसतो. इन्सुलिनचा निरोप न मानण्याची सुरुवात तेथूनच होते.

आपल्याला वीस किलो उतरवायचे नाहीत. तीन-चार किलो, तेही पोटाचे, उतरले आणि दंड-मांड्यांना थोडे बळ आले, तर अहवाल बदलेल अशी अपेक्षा ठेवण्यास पुरेसा आधार आहे. एक सावधगिरी मात्र हवी. गेल्या काही महिन्यांत प्रयत्न न करता वजन घटले असेल, तहान आणि लघवी फार वाढली असेल, तर सडपातळ माणसात मधुमेहाचा एखादा निराळा प्रकार किंवा स्वादुपिंडाचा विकार नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : मी डिचोलीची गृहिणी, वय ५८. रात्री आठला जेवण होते, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. तरी सकाळी साखर १५५ आणि दुपारी जेवल्यानंतर दोन तासांनी १६५. घरचे म्हणतात, ‘रात्री चोरून काहीतरी खातेस’. रात्रीचे जेवणच सोडले तर?

उत्तर : घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवावे. माणूस झोपला तरी मेंदूला साखर लागतेच, आणि ती रात्रभर यकृत पुरवते. साठवलेली सोडते आणि नवी तयारही करते. हे काम बेताने व्हावे म्हणून थोडे इन्सुलिन रात्रभर यकृतावर लगाम ठेवून असते. यकृतात मेद साठला की तो लगाम सैल पडतो आणि गरज नसताना साखर रक्तात उतरत राहते. त्यात पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात. आपली सकाळची १५५ ही आपल्याच यकृताने बनवलेली आहे. मेटफॉर्मिन या जुन्या गोळीचे मुख्य काम यकृताच्या या उद्योगाला आवर घालणे हेच आहे.

जेवण सोडण्यापूर्वी आपल्या गोळीचे नाव पाहावे. ग्लिमेपिराइड किंवा त्या वर्गातील दुसरी गोळी चालू असेल, तर रात्री उपाशी झोपणे धोक्याचे आहे, कारण ती गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला कामाला लावते. जेवण साडेसातच्या आत, पोट थोडे रिकामे ठेवून, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे, एवढे महिनाभर करून पाहावे. दरदरून घाम येऊन रात्री जाग येत असेल, तर एकदा पहाटे तीनला साखर मोजून डॉक्टरांना सांगावी.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील निवृत्त शिक्षक, वय ६४. दोन्ही वेळा शीत-कडी (भात-कालवण), सकाळी पोदेराचा (पाव भाजून विकणाऱ्याचा) पाव, अकराच्या सुमारास पेज, असा आमचा जन्मभराचा आहार. डॉक्टरांनी भात बंद करून चपाती सांगितली. ती आठ दिवसांत नकोशी झाली. उकडे तांदूळ चालतील का? कोंड्याची पोळी पावापेक्षा बरी का? साखरेऐवजी माडाचा गूळ घेतो, तो निरुपद्रवी आहे ना?

उत्तर : गुरुजी, जो आहार आठ दिवसांत नकोसा होतो, तो कागदावर कितीही उत्तम असला तरी मधुमेहासारख्या जन्माच्या आजारात कुचकामी आहे. चपातीही पिठाचीच असते. भात बंद करण्याचा आग्रह मी सहसा धरत नाही, भात मोजण्याचा धरते.

एका रुग्णाने मला ‘थोडाच भात खातो’ असे तीन भेटींत सांगितले. चौथ्या वेळी मी त्यांच्या पत्नीला विनंती केली की नेहमीसारखे ताट वाढावे, आणि कडी ओतण्यापूर्वी ते स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवावे. रिकाम्या ताटाचे वजन वजा करून भात भरला ४२० ग्रॅम. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे त्या एका ताटात सुमारे ११८ ग्रॅम, साधारण सहा फुलक्यांइतके. सहा फुलके समोर ठेवले असते तर त्या गृहस्थांनी तिसऱ्यालाच हात आखडता घेतला असता. कडीबरोबर भात मात्र नकळत उतरतो. ते आता १५० ग्रॅम घेतात. त्यासाठी घरात एक लहान वाटी ठरवली आहे आणि ती दुसऱ्या कशाला वापरत नाहीत.

कमी झालेल्या भाताची जागा रिकामी ठेवली, तर चार वाजता बिस्किटांचा डबा उघडतो. ती जागा भरण्यासाठी गोव्याच्या स्वयंपाकघराला बाहेर कुठे जावे लागत नाही. बांगडा आणि तारले आहेत, अळसांद्यांचे तोंडाक आणि मुगागाठी ही कडधान्यांची कालवणे आहेत, तांबडी भाजी बारमाही आहे आणि पावसात तायकिळा व अळू परसातच उगवतात. मासा हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात असावा. रव्यात घोळून तळलेल्या मासळीत मासा कमी आणि रवा-तेल जास्त, अशी पुष्कळ हॉटेलांतील गत आहे. जेवताना आधी भाजी, कडधान्य आणि मासळी बरीचशी संपवून मग भाताकडे वळावे. लहान अभ्यासांत केवळ क्रम बदलल्याने जेवणानंतरची साखर कमी चढलेली दिसली आहे, आणि या उपायाला खर्च काहीच नाही.

उकडे तांदूळ पांढऱ्या, पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा बरे. भात उकडताना कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात आणि त्यातील पिठाची घडणही बदलते, त्यामुळे साखर काहीशी सावकाश चढते. तो फरक खरा आहे, पण एवढा मोठा नाही की त्याच्या नावाने आणखी एक डाव वाढून घ्यावा. पेजेचे दोन पैलू आहेत. पाणी अधिक असल्याने वाटीमागे भात कमी असतो, हा गुण; दाणा फुटेपर्यंत शिजल्याने ते पीठ चटकन पचते, हा अवगुण. शिवाय पेजेसोबत खारे (खारवलेली मासळी) आणि लोणचे आले की मिठाचे प्रमाण वाढते, आणि आपल्या वयात रक्तदाबाचाही विचार करावा लागतो. एक वाटी पेज आणि सोबत उसळ, हा मला मान्य होणारा तह आहे.

पोदेराचा पोंगा ऐकू आला की गोव्यातील माणूस पथ्य विसरतो, हे मी स्वतःवरून सांगते. कोंड्याची पोळी पावापेक्षा चांगली असू शकते. पण वरून कोंडा भुरभुरलेली प्रत्येक पोळी आतून गव्हाच्या पिठाची असतेच असे नाही. मोडून पाहावी. आत पांढरीशुभ्र आणि मऊ लुसलुशीत असेल, तर तो मैदाच आहे. सकाळी एक घ्यावी आणि तीही चहात बुडवून नव्हे, तर पातळ भाजी किंवा अंड्याबरोबर. माडाच्या गुळाची चव मलाही प्रिय आहे, परंतु रक्तातील साखरेच्या दृष्टीने तो साखरेचाच भाऊ. चवथीच्या नेवऱ्या आणि पातोळ्या वर्षातून दोन-चार दिवस येतात, त्यांनी मधुमेह बिघडत नाही. रोजच्या तीन कप चहातील गूळ बिघडवतो.

प्रश्न : मी म्हापशाहून लिहिते आहे. माझा मुलगा २४ वर्षांचा, किनाऱ्यावरील हॉटेलात रात्रपाळी करतो. वजन ९२ किलो. त्याच्या मानेवर आणि काखेत काळपटपणा आला आहे. दर रविवारी हरभऱ्याचे पीठ आणि लिंबू लावून घासते, तरी जात नाही. आता कातडी हुळहुळते. नाभिकाने एक क्रीम सुचवले आहे. त्याची उपाशीपोटी साखर १०४ आणि तीन महिन्यांची सरासरी ६.० आहे, म्हणजे मधुमेह नाही ना?

उत्तर : लिंबू आजच बंद करावे. तो मळ नव्हे, आणि आपल्या मुलाच्या स्वच्छतेत काहीही कमी नाही. प्रतिरोधामुळे रक्तात इन्सुलिन वाढलेले राहते, आणि वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढण्यास उत्तेजन देते. त्यामुळे मान, काख, जांघ अशा घड्यांच्या जागी कातडी जाड, काळसर, मखमलीसारखी होते. जवळच बारीक मसही लोंबू लागतात. वैद्यकात याला ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्ताचा अहवाल काही सांगायच्या आत ही मान सांगत असते. मुलींमध्ये याच्या जोडीला अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरील केस दिसले, तर बीजकोशांच्या विकाराचीही तपासणी करतात. मुळाशी असलेले इन्सुलिन उतरले की काळपटपणा हळूहळू फिका होतो. क्रीमने तो जाणार नाही.

त्याला आज मधुमेह नाही, पण सरासरी ५.७ ते ६.४ असणे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणे. येथून परत फिरता येते, याचे चांगले पुरावे आहेत. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात (२००६) जीवनशैलीतील बदलाने घट २८.५ टक्के आली. आपल्याकडे फायदा कमी दिसला तो का, यावर वाद घालता येईल. पण पाश्चात्त्य आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या मुलासाठी सात टक्के म्हणजे साडेसहा किलोंच्या आत. ‘बारीक हो’ असे रोज ऐकण्यापेक्षा हा आकडा त्याला सोपा वाटेल.

रात्रपाळीचा भाग मात्र मला अधिक काळजीचा वाटतो. शिकागो येथे १९९९ साली ११ निरोगी तरुणांना सहा रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिले, आणि तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षात येण्याइतकी घसरली. शिवाय रात्री तेच अन्न खाल्ले तरी साखर दिवसापेक्षा अधिक चढते, कारण स्वादुपिंड आणि स्नायूंनाही घड्याळ असते. हॉटेलात रात्री दोनला उरलेला पुलाव, शीतपेय आणि गोड पदार्थ समोर येतात, आणि तरुण माणूस नाही म्हणत नाही. त्याने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी घरी करावे. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर घरून दिलेली उसळ, उकडलेली अंडी किंवा शेंगदाणे खावेत. सकाळी परतल्यावर खोलीला जाड पडदे लावून सलग सात तास झोपू द्यावे. त्या वेळेत नातेवाइकांचे फोन आणि मिक्सर दोन्ही बंद, ही जबाबदारी आपली. तो मोठ्याने घोरतो का आणि झोपेत मध्येच श्वास अडकतो का, हेही पाहून डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : मडगावच्या एका प्रयोगशाळेत ‘फास्टिंग इन्सुलिन’ आणि ‘होमा’ अशा दोन तपासण्या पॅकेजमध्ये सुचवल्या. करून घ्याव्यात का?

उत्तर : पहिलीत उपाशीपोटी रक्तातील इन्सुलिन मोजतात, दुसरीत ते आणि उपाशीपोटीची साखर यांवरून प्रतिरोधाचा आकडा काढतात. संशोधनासाठी त्या उपयुक्त आहेत, घरगुती निर्णयासाठी सहसा लागत नाहीत. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि आकडा काहीही आला तरी उपचार तोच राहतो. त्या पैशांत रक्तातील मेदाचे दोन प्रकार, म्हणजे ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल कोलेस्टेरॉल, यकृताची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन पाहून घ्यावे. ट्रायग्लिसराइड वाढलेले, एचडीएल कमी आणि पोटाचा घेर मर्यादेबाहेर असेल, तर प्रतिरोध आहे असे समजून चालण्यास प्रत्यवाय नाही. जाता जाता एक गोष्ट सांगते : लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत एचबीएवनसी खोटे चढलेले दिसू शकते, म्हणून त्यासोबत हिमोग्लोबिनही पाहावे.

प्रश्न : आम्ही सत्तरीत राहतो. वय ५२. पहाटेपासून घर, गोठा, परसू करता करता पाठ टेकायला मिळत नाही. तरी डॉक्टर म्हणतात, ‘चाला’. आणि पावसाळ्यात चार महिने चालायचे कुठे?

उत्तर : बाई, गोठ्याचे काम व्यायाम नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शेणाची पाटी उचलणे, पाण्याची कळशी आणणे यांत स्नायू खरोखरच राबतात. चुलीपुढे उभे राहणे आणि भाजी चिरणे यांत मात्र दमणूक होते, स्नायूंची साखर खर्च होत नाही. दमणे आणि स्नायूंना काम मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बायकांच्या वाट्याला पहिली फार येते.

चालण्याचा आग्रह अशासाठी की जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. विश्रांतीत असताना त्या कोठाराचे दार उघडायला इन्सुलिन लागते. स्नायू आखडू-सैलावू लागला की साखर आत घेणारी वाहक प्रथिने इन्सुलिनच्या निरोपाविनाही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. प्रतिरोधाला बगल देणारी ही वाट आहे. तिचा परिणाम व्यायामानंतरही एक-दोन दिवस टिकतो, म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये.

पावसात पडवी पुरते. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे पडवीत किंवा राजांगणाभोवती फेऱ्या माराव्यात. एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा जेवणानंतरच्या साखरेवर हा उपाय अधिक लागू पडतो. त्यात आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे काम घालावे : हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बसण्याची उंची वाढवावी.

गोठ्यात आणि परसात अनवाणी जाऊ नये. मधुमेहात तळव्यांची जाणीव हळूहळू बोथट होते. काटा रुतला तरी कळत नाही. पावसाळ्यात ओल्या चपलांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि तेथूनच जखम पिकते. रात्री पाय धुऊन, बेचकी कोरडी करून, तळवा आरशात पाहण्याची सवय लावावी.

प्रश्न : ‘मधुमेह ९० दिवसांत मुळापासून बरा’ अशी जाहिरात माझ्या मोबाइलवर रोज येते. वास्कोतील एका ओळखीच्यांनी त्यावर विसंबून सगळ्या गोळ्या बंद केल्या. यात तथ्य किती?

उत्तर : जाहिरातीत नाही, पण तिने ज्या गोष्टीचा गैरफायदा घेतला तिच्यात आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी केलेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि इन्सुलिनची इंजेक्शने न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवले. वर्षाअखेरीस त्यांतील ४६ टक्के गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवलेल्यांत ते प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत चढले.

म्हणून वैद्यकात याला ‘बरा झाला’ न म्हणता ‘माघार’ म्हणतात. यकृतातील आणि स्वादुपिंडातील मेद उतरतो, बीटा पेशींना उसंत मिळते; पण मेद परत आला की मधुमेहही परततो. पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या मधुमेहात बीटा पेशीच पुरेशा उरलेल्या नसतात आणि तेथे ही आशा दाखवणे अन्यायाचे आहे. त्या अभ्यासातही गोळ्या थांबवल्या होत्या, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. आपल्या ओळखीच्यांनी गोळ्यांची पाकिटे घेऊन या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना भेटावे, ओशाळण्याचे कारण नाही. कोणी नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी घेत असेल, तर तिच्यासोबत स्वतःच्या मनाने भात-पोळी पूर्ण तोडणे टाळावे. साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

प्रश्न : काणकोणहून. फेणी गोड नसते, मग रात्री जेवणापूर्वी दोन पेग घेतल्याने साखर कशी वाढेल? उलट दुसऱ्या दिवशी ती कमीच दिसते.

उत्तर : कमी दिसते हे आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि तेच चिंतेचे आहे. मद्य पोटात गेले की यकृत ते निपटण्याच्या कामाला लागते आणि नवी साखर तयार करणे मागे पडते. आपण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि फेणीनंतर जेवण निसटले, तर मध्यरात्री किंवा पहाटे साखर ७० च्या खाली घसरू शकते. दूरच्या हिशेबात तीच फेणी यकृतात मेद वाढवते, म्हणजे प्रतिरोधाला खतपाणीच. लिम्का मिसळून घेत असाल, तर गोड नसल्याचा युक्तिवादही उरत नाही. सोडता आली तर उत्तम. सुटत नसेल तर एका पेगावर, जेवणाबरोबर, आणि रोज नव्हे, असे तरी ठरवावे.

घरच्यांना एक सांगून ठेवावे. फेणीनंतर आपण असंबद्ध बोलू लागलात, घामाने भिजलात किंवा हाका मारूनही जागे झाला नाहीत, तर ‘चढली आहे, झोपू दे’ असे म्हणून त्यांनी दिवा मालवू नये. आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. शुद्धीवर असाल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता एका कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.